तिसऱ्यानंतर घोषणा

“काका, आपल्या पक्षाचं चौथं तत्त्व कोणतं?”

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, आवाज तर माझाच होता (मला घरात भोंगा म्हणतात ते उगाच नाही), पण पैज शाळेतल्या दोन मैत्रिणींची होती. एकीला आम्ही वकील म्हणतो आणि दुसरीला ‘जाऊ दे ना’, कारण ती प्रत्येक भांडण याच तीन शब्दांत मिटवते.

झालं असं, की नागरिकशास्त्राच्या तासाला बाई म्हणाल्या, कुठल्याही एका पक्षाची तत्त्वं सांगा. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. काहींच्या घरात दमा असतो तसा आमच्या घरात पक्ष आहे. आजोबांनी काढला, काका त्याच्या जोरावर निवडून येत राहिले, आणि हवा बदलली की सगळ्यांनाच थोडा त्रास होतो. गेल्या वर्षापर्यंत हात वर करताना माझं कोपर बाकावरून सुटत नसे. यंदा मात्र आपण बोललो की लोक ऐकतात असा शोध मला लागलाय, आणि एकदा लागल्यावर थांबवत नाही. मी उभी राहिले आणि खणखणीत सुरू केलं. पहिलं, सत्ता ही भाड्याची खोली, सोडताना झाडून द्यायची. दुसरं, लोक ज्या दवाखान्यात जातात त्याच दवाखान्यात आपणही जायचं. तिसरं, प्रश्न विचारणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची, मग उत्तर. आणि पाचवं, ही सगळी तत्त्वं घरातल्या लहानात लहानाला तोंडपाठ पाहिजेत.

“चौथं?” वकील म्हणाली.

“चौथं म्हणजे घोषणा.”

वर्गात हशा फुटला. मी हसले नाही, कारण मला खरंच तसं वाटत होतं.

आमची तत्त्वं कुठेही छापलेली नाहीत. आजोबांचा नियमच आहे, छापलेलं रद्दीत जातं, तोंडातलं घरात राहतं. म्हणून प्रत्येक निवडणुकीच्या पहिल्या सभेत घरातली सगळ्यात लहान मुलगी माईकसमोर उभी राहून ती म्हणते. आधी आत्या म्हणायची, मग काकांची मुलगी, आणि ती मोठी होऊन लांब नोकरीला गेल्यावर मी. मला काकूनं शिकवलं. तेव्हा माईकपर्यंत पोचायला मला स्टूल लागायचं. तिसरं झालं की मागे सरकायचं. पुढच्या रांगेतले लोक उठून घोषणा देतील, भरपूर देतील. त्यांचे घसे बसले की पुढे यायचं आणि म्हणायचं, “आणि पाचवं!” मला वाटायचं, एवढं जीव तोडून ओरडणं हेच चौथं असणार. लहानपणी तर मला तेच सगळ्यात आवडायचं.

“विचार मग काकांना,” वकील म्हणाली. “सगळ्यांसमोर. आहे हिंमत?”

“जाऊ दे ना,” दुसरी म्हणाली. आणि तिथेच माझं ठरलं.

तर रविवारची दुपार. काकांचं जेवणाचं टेबल इतकं लांब आहे की या टोकाचं भांडण त्या टोकाला पोचेपर्यंत मिटलेलं असतं. सगळे जमले होते त्याला कारण होतं. काकांना बढती मिळून ते वरच्या सभागृहात चालले होते, त्यांची जागा रिकामी झाली होती, आणि पोटनिवडणुकीची पहिली सभा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होती. उमेदवार कोण, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला माहीत होतं, पण वेगवेगळं.

“फार सुंदर प्रश्न,” काका म्हणाले. ते हे वाक्य फक्त पत्रकारांना म्हणतात. “आधी खाली बस.”

मी बसले. तिसरं तत्त्व तिथपर्यंत पाळलं गेलं.

“चौथं तत्त्व म्हणजे कसं आहे, की ते बाकी सगळ्या तत्त्वांचं सार आहे.”

“पण आहे काय?”

“तेच ना. सार.”

“शिस्तीबद्दल आहे काहीतरी,” काकू वाढता वाढता म्हणाली. “मोठ्यांच्या बोलण्यात मुलांनी तोंड घालू नये, असं.”

“मला वाटतं पाण्याबद्दल होतं,” बाबा म्हणाले. “का झाडांबद्दल गं?” हे त्यांनी आईला विचारलं.

आई काकांच्या गुडघ्याकडे बघत होती. ती गुडघे, खांदे, कंबरा ठीक करते, आणि काकांचा नवा गुडघा सध्या तिच्याकडे होता. बसवला होता मात्र अशा हॉस्पिटलात, की त्याच्या काचेच्या दारातून आमच्या मतदारसंघातले लोक फक्त काच पुसायला आत जातात. तेव्हा मी दुसऱ्या तत्त्वाचं नाव काढलं होतं, तर आई म्हणाली होती, “गुडघा दुखला की तत्त्वं आपोआप वाकतात, व्यायाम लागत नाही.”

“मला नका विचारू,” आई आता म्हणाली. “मी या घरात आले तेव्हा घोषणाच होत्या.”

आजोबांनी कानातलं यंत्र काढून मिठाच्या बाटलीशेजारी ठेवलं. हा त्यांचा सभात्याग.

टेबलाच्या पार टोकाला आत्या बसली होती, आणि ती हसत होती. आत्या दातांची डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या तोंडात कापूस असतो, त्यामुळे तिला कोणी उलट बोललेलं नाही. कित्येक वर्षांनी ती या टेबलावर जेवत होती, तीसुद्धा आजोबांनी स्वतः फोन केला म्हणून.

“भोंग्या, जेवण झालं की माझ्याकडे ये,” ती म्हणाली.

“ताई, आज नको,” काका म्हणाले.

“आज नको तर कधी? परवा?”

काकांनी लगेच पाण्याचा पेला चमच्यानं वाजवला. घरातल्या घरातसुद्धा ते असं करतात. “विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. उद्या स्टेजवर आपला उमेदवार म्हणून मी धाकट्याचं नाव जाहीर करतोय.”

धाकटा म्हणजे बाबा.

इथे मला जरा काकूकडे वळावं लागेल, कारण त्या क्षणी तिच्या हातातला डाव भांड्यावर तसाच थांबला होता आणि रस्सा टेबलावर ठिबकत होता. तिची बाजू तिनं मला त्याच दुपारी फ्रिजचं दार उघडं ठेवून सांगितली. गार हवा लागल्याशिवाय तिचा राग बोलता होत नाही.

मतदारसंघ काकू चालवायची. कोणाकडे बारसं, कोणाकडे मयत, कोणाची मुलगी रुसून माहेरी आली आहे, ही सगळी माहिती तिच्या डोक्यात. काका भाषण करून निघाले की मागे राहून लोकांचं ऐकायची तीच. काकांनी ‘आमच्या भागातले एक वयोवृद्ध शेजारी’ म्हटलं की ते कोण, आणि त्यांना खरं काय हवं होतं, हे काकूला विचारायचं. जागा रिकामी होणार म्हटल्यावर तिनं कोणाशी न बोलता नवा चष्मा करून घेतला होता. बारीक दांड्यांचा, फोटोत चमकणार नाही अशा काचांचा. आणि तो करून कोणी दिला? बाबांनीच. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे.

“पोस्टरसाठी आहे भावोजी, असं मी सांगितलंसुद्धा होतं त्यांना!” काकू फ्रिजला म्हणाली. “हसून म्हणाले, वहिनी, अगदी उमेदवार दिसता.”

पण हे मागाहून. टेबलावर तिनं फक्त डाव खाली ठेवला आणि विचारलं, “आणि मी?”

“तू समजून घे,” काका म्हणाले. “बायकोला उभं केलं तर लोक घराणेशाही म्हणतील.”

“आणि भावाला?”

“भाऊ म्हणजे कार्यकर्ता.”

“बायको म्हणजे घराणं आणि भाऊ म्हणजे चळवळ, असं का?” आत्यानं टोकावरून विचारलं.

“छे, छे,” बाबा म्हणाले. “मला कुठे जमणार दादा हे. छे.”

मी बाबांना ओळखते. पहिलं ‘छे’ खरं होतं. दुसऱ्यात हवा कमी होती. तिसरं तर जवळजवळ ‘बरं’ होतं.

काकूलाही ते ऐकू आलं. तिनं भिंतीकडेची चांगली, हाताची खुर्ची ओढत आणली, माझ्यापाशी ठेवली आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला गुदगुल्या झाल्या, “भोंगाबाई, इथे ऐसपैस बसा. काय विचारत होतीस तू मघाशी? चौथं तत्त्व ना? मलाही ऐकायचंय. ताई, तुम्हाला येतं ना हो?”

सकाळपर्यंत काकू आत्याला ‘त्या’ म्हणत होती.

“विषय संपलाय,” काका म्हणाले.

“प्रश्न विचारणाऱ्याला खुर्ची दिलीय,” काकू म्हणाली. “आता उत्तर.”

आत्या उठली. मला वाटलं होतं ती टोमणा मारल्यासारखं म्हणेल. पण तिनं रुमाल घडी करून ठेवला, हात अंगाला चिकटवले, हनुवटी वर केली, आणि बघता बघता ती फ्रॉकमधली मुलगी झाली. वाक्य संपलं की श्वास घ्यायचा, शेवटचा शब्द उचलायचा, अगदी मी म्हणते तशी. मला कळलं, माझी चाल तिची होती.

“चौथं. रिकामी झालेली खुर्ची घरात आणायची नाही. ती लोकांत ठेवायची.”

“बघा!” काकू टाळी वाजवून म्हणाली. “बघा! भावोजी, ऐकलंत?” आणि मग तिचा हात हवेतच राहिला. तत्त्व तिच्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

आजोबा मान खाली घालून जेवत होते. ऐकूच येत नसलेला माणूस इतक्या लक्षपूर्वक जेवताना मी प्रथमच पाहिला.

मग सुरुवात झाली. शाळेत वादविवाद स्पर्धेला मी दोनदा जाऊन आलेय, पण असला दर्जा मी तिथे पाहिलेला नाही.

“इथे खुर्ची हे प्रतीक आहे,” काका म्हणाले. “आणि प्रतीक नेहमी व्यापक अर्थानं घ्यायचं असतं.”

“मुळात मी या घरातली नाहीच,” काकू म्हणाली. “मी बाहेरून आले. माझं घर म्हणजे माझं माहेर. माझ्या माहेरी कोणी राजकारणात नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पाहुण्या होतात?” आईनं विचारलं.

“वागवलं तर तसंच!”

“तुला कोणी पाहुण्यासारखं वागवलं?” काका चिडले. “किल्ल्या तुझ्याकडे, माणसं तुझ्याकडे...”

“खुर्ची कोणाकडे?”

“अहो, ‘लोकांत ठेवायची’ असंही म्हटलंय,” काका पुन्हा तत्त्वाकडे वळले. “आपला धाकटा लोकांतच बसतो की नाही? दुकानात दिवसभर काय करतो? लोकांत बसतो.”

मी बाबांकडे बघत होते. मला खात्री होती, आता ते बोलणार. कारण हे टेबल काकांचं असलं तरी आमच्या घरच्या छोट्या टेबलावर भाषणं बाबांची असतात. टीव्हीवर काका दिसले की बाबांचा घास थांबतो. एकदा काका कुठल्याशा वचनाचा नवीन अर्थ समजावत होते तेव्हा बाबा म्हणाले होते, “माझ्याकडे येतात ना असे. अक्षरं दिसत नाहीत म्हटलं की खुर्ची पुढे सरकवतात. अरे बाबा, तक्ता जवळ ओढला म्हणून नंबर कमी होत नाही!” ते वाक्य मी शाळेतल्या आमच्या वकिलाला ऐकवलं होतं, स्वतःचं म्हणून.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

“तसं बारकाईनं पाहिलं तर,” ते म्हणाले, “शब्द ‘घरात’ असा आहे. आणि आम्ही वेगळे राहतो. वेगळं दार आहे, वेगळा गॅस आहे. त्या अर्थानं आमचं घर... वेगळं घर आहे.”

काका मोठ्यानं हसले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. “हा बघा! याला म्हणतात नेता!”

विचित्र म्हणजे युक्तिवाद उत्तम होता. काकांचा आणि काकूचा फुसका होता. सगळ्यात चांगली पळवाट माझ्या बाबांनी काढली होती, आणि तीही एवढ्या साध्या आवाजात, ‘हे स्पष्ट की मघाचं?’ असं गिऱ्हाइकाला विचारतात तशी.

बाबांचं म्हणणं मी गाळणार नाही, तेही इथे यायला हवं. त्यांनी ते मला पुष्कळ नंतर सांगितलं, आपण होऊन. धाकटा म्हणून ते सगळ्या सभांना काकांचं जाकीट सांभाळत उभे असायचे. दुकानात माणसं येतात, हनुवटी यंत्रावर टेकवतात, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बाबा इतक्या जवळून बघतात की एकमेकांचा श्वास गालाला लागतो, आणि तीच माणसं बाजारात दिसली की ओळख देत नाहीत. “कोणी कधी माझ्यासाठी उठून उभं राहिलं नाही गं,” ते म्हणाले. “एकदा बघावंसं वाटलं, कसं वाटतं.” हे त्यांनी त्या दुपारी टेबलावर म्हटलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण ते गॅसचं बोलले.

आत्या अजून उभी होती. “अप्पा,” ती आजोबांना म्हणाली, “तुम्ही सांगता का, की मीच सांगू?”

आजोबांनी मिठाच्या बाटलीशेजारचं यंत्र उचललं, फुंकर मारून कानात घातलं. याचा अर्थ त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“घोषणा मी सुरू केल्या,” ते म्हणाले.

“अप्पा, जाऊ द्या ना,” काका म्हणाले. मला माझी मैत्रीण आठवली.

“मी थकलो तेव्हा जागा रिकामी झाली. दवाखान्याच्या रांगेत दिवसभर उभा राहणारा, दुसऱ्यांचे कागद भरून देणारा एक मास्तर होता. सगळ्यांना वाटत होतं तोच उभा राहणार. मलाही वाटत होतं. मग हा,” त्यांनी काकांकडे हनुवटी केली, “रात्रंदिवस मागे लागला. आणि पोटच्या पोराचं तोंड बघून माणूस जे करतो ते मी केलं. सभा ठरली. म्हणणार होती याची मुलगी, एवढीशी. ताईनं तिला पाचही शिकवून तयार केलेलं. आता करायचं काय?”

“चौथं काढून टाकायचं,” मी म्हणाले. “चारच ठेवायची.”

“खोडायची लाज वाटली,” आजोबा म्हणाले. “आणि ऐकायची भीती वाटली. मग पुढच्या रांगेला सांगून ठेवलं, तिसरं झालं की उठा. पोरगी चौथं म्हणाली. सगळं म्हणाली, ओठ हलताना मी पाहिले. कोणाला ऐकू गेलं नाही. तत्त्व मोडलंही नाही आणि पाळलंही नाही. मधला मार्ग. राजकारण म्हणतात त्याला.”

“पुढच्या वेळी ती रडली,” काकू हळूच म्हणाली. “म्हणाली, मी बोलते तेव्हाच सगळे ओरडतात. म्हणून मग मी तिला ते वाक्य सोडायला सांगितलं. आणि हिला तर शिकवलंच नाही.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी त्याच दिवशी स्टेजवरून खाली उतरले, ती आज आले,” आत्या म्हणाली. “मास्तर गेले गेल्या वर्षी. अप्पा, तुम्ही गेलात का त्यांच्या घरी?”

आजोबांनी पुन्हा कानातल्या यंत्राकडे हात नेला, पण ते काढलं नाही.

आता खरं तर सगळ्यांना लाज वाटायला हवी होती, आणि क्षणभर वाटलीसुद्धा. मी पाहिली, टेबलावरून एका ताटावरून दुसऱ्या ताटावर फिरत गेली. पण ती काकांपाशी पोचली आणि काकांनी तिचं भाषण केलं.

“म्हणजे बघा,” ते म्हणाले, “हे आजचं नाही. अप्पांनी स्वतः घालून दिलेली पद्धत आहे. परंपरा आहे. आणि परंपरा मोडणारे आपण कोण?”

“तेही खरंच,” काकू म्हणाली. तिला बहुधा दिसलं असावं, की बाबांना अडवलं तर तिचंही पुढचं दार बंद. “मग पुढच्या वेळेचं आत्ताच ठरवून टाका. पुढच्या वेळी मी.”

“ठरलं.”

“सगळ्यांसमोर म्हणा.”

“सगळ्यांसमोर म्हणतोय की! पुढच्या वेळी तू.”

काकू गोड घेऊन आली. बाबांना तिनं सगळ्यांच्या आधी वाढलं. आत्यानं पर्स उचलली. निघताना ती माझ्या खुर्चीमागे थांबली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “पाठ झालं?”

“एकदा ऐकलं की होतं माझं.”

“माझंही व्हायचं,” ती म्हणाली आणि गेली. आजोबा तिला दारापर्यंत सोडायला उठले. काठी विसरले, भिंतीला धरत गेले.

काकांनी मला बोट दाखवलं. “भोंग्या, उद्या नेहमीसारखं. तिसऱ्यानंतर मागे. वडील उमेदवार आहेत, आवाज असा लाव की शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे.”

“कळेल,” मी म्हणाले.

संध्याकाळी आम्ही तिघं घरी न जाता दुकानात गेलो. रविवारी दुकान बंद असतं, पण बाबांनी शटर अर्धं वर केलं, आरशावरचा दिवा लावला आणि एकेक फ्रेम नाकावर चढवून बघायला लागले. बारीक दांड्यांच्या. फोटोत न चमकणाऱ्या काचा ज्या खणात असतात तो खण उघडा होता.

आई गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली होती. “मला कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली.

“तुझा विरोध आहे का?”

“माझं काम गुडघ्यांचं. उभं राहणाऱ्याला मी अडवत नाही. फक्त वाकताना जपायला सांगते.”

“तूपण टोमणे मार आता.” बाबांनी एक फ्रेम काढली, दुसरी घातली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. “ही बरी की मघाची?”

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लटकत होता. सगळ्यात वर मोठं अक्षर, मग लहान, मग आणखी लहान. मी लहान असताना शेवटची ओळ पाठ करून ठेवली होती आणि डोळे मिटून म्हणून दाखवली होती. तेव्हा बाबा रागावले होते. “पाठ म्हणू नकोस, दिसतं ते म्हण,” असं म्हणाले होते.

“बाबा, तू तक्ता जवळ ओढलास.”

त्यांचा हात दांडीवरच थांबला.

“तुला अजून नाही कळायचं,” ते म्हणाले. “मी दादासारखा नाही. मी चांगलं काम करीन.”

“करशील. मला माहितेय. मास्तरांनीही केलं असतं.”

“उद्या घोषणा द्यायला माणसं असणार आहेत. तुझ्या काकांनी मघाशीच फोन केले.”

“असू दे. मी आईला आणि तुला, दोघांना आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.” मी उभी राहिले. का कोण जाणे, माझे हात अंगाला चिकटले आणि हनुवटी वर गेली. “उद्या मी पाचही म्हणणार आहे. तिसरं झालं की ते ओरडतील. मी मागे सरकणार नाही, माईक धरून तिथेच उभी राहीन. दमतात ते, मी लहानपणापासून बघतेय, घसे बसतात. बसले की चौथं म्हणेन. पुन्हा ओरडले तर पुन्हा थांबेन आणि पुन्हा चौथ्यापासून म्हणेन.”

आईनं बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“आणि मी?” बाबांनी विचारलं. चष्म्याला अजून काचा नव्हत्या, त्यामुळे त्यांचे डोळे अगदी उघडे दिसत होते. “मी तिथे स्टेजवर बसलेला असताना?”

“तू कुठे बसायचंस ते तू ठरव,” मी म्हणाले. “स्टेजवर बसलास तर तुझ्याकडे पाठ करून म्हणेन. खाली लोकांत बसलास तर तुझ्याकडे बघून म्हणेन. मी म्हणणार, हे ठरलंय.”